जाळी असलेला फोटो

१

अमृत बिराजदारनं फाइलमधून एक फोटो काढला आणि चौकशी अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवला.

"साहेब, हा खंडेनवमीचा फोटो. मशीनच्या पूजेचा. बाई शेजारी उभ्या आहेत, आणि रोलरवर जाळी आहे. आता यापुढं मी काय बोलू?"

समोरच्या बाकावर सोनमनं मान वर केली. तिचा उजवा हात मनगटाच्या वरच संपत होता. तो तिनं पदराखाली घेतला होता. चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कंपनीत, ओले टॉवेल सुकवून सपाट करणाऱ्या दोन तापलेल्या रोलरांच्या मध्ये तो हात गेला होता, कोजागिरीच्या दुपारी. तिचं म्हणणं साधं होतं. रोलरपुढची संरक्षक जाळी श्रावणापासून काढून ठेवली होती, म्हणून हात गेला. कंपनी म्हणत होती, जाळी होती. सोनमनंच ती काढली, मोबाईलवर रील करायला.

"रील?" सोनमचा नवरा शहाजी ताडकन उठला. टेंपो सोडून तो तसाच आला होता. "साहेब, हिच्या फोनला बटणं हायत, बटणं! त्यात कुठली आली रील?"

"बसा," गुरुशांत हिरेमठ म्हणाले. कामगार खात्यातर्फे चौकशी त्यांच्याकडे होती. आवाज न चढवता बोलणारा माणूस. "बिराजदार, पुढं."

अमृत कंपनीचा कामगार अधिकारी. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. तो बोलायला लागला की सगळं ठरवून ठेवल्यासारखं वाटायचं. "जाळी आठ बोल्टांची आहे, साहेब. गुढीपाडव्याला बसवली. त्या दिवसापासून अपघातापर्यंत एकदाही उघडलेली नाही, देखभालीच्या वहीत पाहा. आणि छिद्रं इतकी बारीक, की लहान पोराची करंगळी जाणार नाही. होय की नाही, निंगप्पा?"

कंपनीचा फिटर निंगप्पा अक्कलकोटकडचा. तो भिंतीला टेकून उभा होता. त्यानं वर न बघता मान हलवली.

"फोटो कुणी काढला?"

"फिरदोस शेख. इथंच बसल्यात. सोनमबाईंनीच साक्षीला आणलंय." अमृत हसला.

फिरदोस पुढं आली. जाळी नव्हती एवढंच सांगायला ती आली होती. तिनं फोटो उचलला. सोनमची अबोली साडी, रोलरच्या टोकाला गुंडाळलेला झेंडूचा हार, खिडकीतून आलेलं ऊन. चौकट तिचीच होती. पण सगळ्या रोलरवर हिरवी, बारीक विणीची जाळी होती. तिनं फोटो उलटा केला. मागं निळा शिक्का होता: फिरदोस मोबाईल फोटो, शुक्रवार पेठ, सोलापूर.

"फोटो तुमचा?" हिरेमठांनी विचारलं.

"काढलाय मीच. पण साहेब, ही जाळी नव्हती."

"शिक्का?"

"माझाच आहे."

"मग तुमच्या फोनमधला मूळ फोटो दाखवा. विषय संपला."

फिरदोसनं फोटो परत टेबलावर ठेवला. मूळ फोटो नव्हता. फोटो छापून हातात दिला की ती गिऱ्हाइकासमोरच फोनमधून पुसून टाकायची. ते तिचं वचन होतं, त्याच्यावरच तिचा धंदा उभा होता.

"म्हणजे फोटो खरा, शिक्का खरा, जाळी तेवढी खोटी!" अमृत म्हणाला, आणि मागं कुणीतरी हसलं.

हिरेमठांनी पुढच्या गुरुवारची तारीख दिली. "तोवर दुसरं काही आलं नाही, तर हा फोटो मला खरा धरावा लागेल."

दारातून बाहेर पडताना फिरदोसचे कान तापले होते. तिच्या शिक्क्यानं हात गमावलेल्या बाईलाच खोटं ठरवलं होतं.

२

तीन वर्षांपूर्वी फिरदोसला एक गोष्ट लक्षात आली होती. एमआयडीसीतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात कॅमेऱ्याचा फोन होता, फोनमध्ये हजार-हजार फोटो होते, आणि घरात भिंतीवर एकही नव्हता. फोन पडला, बुडाला, चोरीला गेला की पोराचं बारसं गेलं, मेलेल्या बापाचं तोंड गेलं. मग तिनं पिशवीत मावेल एवढं बॅटरीवरचं छपाईयंत्र घेतलं आणि रविवारी कंपन्यांच्या फाटकाशी उभी राहायला लागली. कुणी आपल्या फोनमधला फोटो द्यायचं, कुणी म्हणायचं तूच काढ. दोन मिनिटांत फोटो हातात. बायका तिच्याकडं जास्त यायच्या, कारण त्यांचा चेहरा तिच्या फोनमध्ये राहत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

खंडेनवमीला तर तिला पूजेच्या वेळी आत शेडमध्ये सोडायचे, आणि रांग लागायची. ज्या मशीनपुढं आठ तास उभं राहायचं, तिच्या शेजारी नटूनथटून फोटो काढायची हौस सगळ्यांना.

चौकशीवरून ती थेट बाळे भागात सोनमच्या खोलीवर गेली.

"तुझ्याकडचा फोटो दे सोनम. दोन प्रती दिल्या होत्या मी."

सोनमनं फळीकडं बोट दाखवलं. तिथं देवांच्या शेजारी रिकामी चौकट होती.

"गेला ताई. दिवाळीच्या पाठोपाठ. मला वाटलं वाऱ्यानं पडला आसंल, समदं घर झाडलं. न्हाय घावला."

"कोण आलं होतं त्या दिवसांत?"

सोनमनं आठवून सांगितलं. बिराजदार साहेब फळं घेऊन आले होते, मदतीच्या फॉर्मवर डाव्या अंगठ्याचा ठसा घेऊन गेले. तो फोटोच्या अ‍ॅपवाला दिग्विजय आला होता, तुझा फोटो मोठा करून फुकट देतो म्हणून. "आन् तुमचा खालिद. फराळ घिऊन आला व्हता की."

खालिद फिरदोसचा दीर. नवरा ट्रकवर बाहेरगावी असला की दुकान तोच सांभाळायचा.

"दुसरी प्रत?"

"आईला धाडली. सांगोल्याला."

फिरदोसच्या जिवात जीव आला. पण दुकानी परतली तेव्हा खालिद गल्ल्याशी बसून फोनवर हळू आवाजात बोलत होता. तिला बघताच त्यानं फोन बंद केला. तिनं चौकशीत परवानगी घेऊन काढलेले फोटो त्याच्यापुढं धरले, पुढची बाजू आणि मागची.

"खालिद, हा फोटो आपल्या यंत्रावर छापलाय. कागद आपला, शिक्का आपला. माझ्या हातून छापला नाही. मग कुणी छापला?"

खालिदचा चेहरा उतरला. "मेरेकू क्या मालूम, भाभी," तो म्हणाला, आणि टोपी उचलून बाहेर गेला.

त्या दिवशी तो जेवायलाही आला नाही.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी दिग्विजय स्वतःच दुकानात आला. पुण्यात शिकून आलेला, पस्तिशीचा. त्याच्या अ‍ॅपवर कामगारांनी फोटो टाकायचे, ते घरपोच यायचे. आणि टाकलेले सगळे फोटो अ‍ॅपकडेच राहायचे.

"मॅडम, मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं," तो खुर्ची ओढून म्हणाला. "हजारो कामगार, प्रत्येकाकडं कॅमेरा. एवढा बाजार पिशवी खांद्यावर टाकून सांभाळता येतो का? आता कंपनीनं आत फोन न्यायलाच बंदी केली. आतले सगळे फोटो आमचा माणूस काढणार. तुम्ही आमच्यात या. तुमच्या नावाचं आता जे झालंय, त्यानंतर दुसरं कोण घेणार तुम्हाला?"

"माझ्या नावाचं काय झालंय?"

"बनावट फोटो म्हणजे फिरदोस, असं बोलतायत फाटकावर."

"बोलतायत, की तुम्ही बोलवताय?"

दिग्विजय हसला. "धंदा आहे मॅडम. खालिदला कळतं ते. तो येतोय आमच्याकडं."

फिरदोसनं गल्ल्याशी खालिदच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. म्हणजे फोनवरची कुजबुज ही होती.

"सोनमच्या घरी कशाला गेला होतात तुम्ही?"

"जाहिरातीला. हात गेलेली बाई, तिचा जुना फोटो आम्ही मोठा करून दिला, असं दाखवायचं होतं. तिनं दारातूनच घालवलं मला."

"बरं केलं," फिरदोस म्हणाली. "आता मीही तेच करते. उठा."

दुपारी ती चिंचोळीला गेली. अमृत बिराजदारनं तिला वाट पाहायला लावली नाही, उलट चहा मागवला.

"या ताई. काय म्हणतेय आमची शुक्रावर पेठ?"

फिरदोसनं चेष्टेकडं लक्ष दिलं नाही. "तुम्हाला तो फोटो कुठून मिळाला?"

"शहाजीनं आणून दिला. ऑक्टोबरातच. बायकोच्या रजेच्या अर्जाला जोडून."

"शहाजी असं काही म्हणाला नाही."

"आता नाहीच म्हणणार." अमृतनं बशीत चहा ओतला. "हे बघा, मी खंडेनवमीला रजेवर होतो. पूजा पाहिली नाही. कामगार मला आपले फोटो दाखवत नाहीत, मी मागतही नाही. तुमच्याकडचा फोटो म्हणाल तर मी जन्मात एकच हातात धरलाय, तो फाइलमधला. सोनमच्या घरी गेलो ते फळं द्यायला. माणुसकी म्हणून."

"आणि रील? तिच्या फोनला कॅमेरा नाही हे तुम्हाला ठाऊक होतं."

"दुसऱ्या कुणाचा असेल. आजकाल या बायकांना फोन दिला की कामात लक्ष कुठं असतं? त्याला थोडं तुमच्यासारखेही जबाबदार आहेत, राग मानू नका."

फिरदोसनं चहाला हात लावला नाही. बाहेर येताना निंगप्पा फाटकाच्या आतल्या बाजूला भेटला. हातात पाना, अंगावर तेलकट डांगरी. ती त्याच्यापुढं उभी राहिली.

"मामा, तुम्हीच सांगा. जाळी होती?"

"मला दोन पोरी हैत ताई," तो म्हणाला. "लग्नाच्या." आणि तो वळून शेडमध्ये गेला.

ते उत्तरच होतं. पण साक्षीत असलं उत्तर चालत नाही. आता सगळं सांगोल्यातल्या त्या एका फोटोवर होतं.

४

सोनमची आई बजाबाई सांगोल्यापासून चार मैलांवर, डाळिंबाच्या बागेला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहायची. फिरदोस सोनमला घेऊन गेली. लेकीचा हात पाहून बजाबाई अजूनही प्रत्येक वेळी रडायची. आजही रडली, मग चूल पेटवायला गेली.

"फोटू? हाय की. नीट ठिवलाय."

तिनं पत्र्याच्या पेटीतून लहानशी पितळी चौकट काढली. सोनम हसत होती. अबोली साडी, केसांत गजरा, गळ्यापासून वरचा भाग.

आणि तेवढंच.

"मावशी, बाकीचा फोटो?" फिरदोसनं विचारलं.

"चौकटीत मावंना, म्हणून कापला की. लेकीचं त्वांड हाय न्हवं? मशीन कशाला पायजे मला? ते कापून चुलीत घातलं."

सोनमनं डोळे मिटून घेतले. फिरदोस ओसरीवरच बसली. तेवढ्यासाठी ती ऐंशी-नव्वद किलोमीटर आली होती.

"त्यात काय वंगाळ झालं का गं?" बजाबाई घाबरली. "ज्यानं हात खाल्ला त्याचा फोटू घरात ठिवू व्हय मी?"

सोनमनं आईच्या खांद्यावर डावा हात ठेवला. फिरदोसनं सहज चौकटीची मागची पट्टी सरकवली. कापलेल्या फोटोच्या पाठीवर शिक्क्याचा अर्धा भाग राहिला होता. निळ्या शाईत लिहिलं होतं: शुक्रावर पेठ.

तिला एकदम तो शिक्का आठवला. बनवणाऱ्यानं काना एक अक्षर अलीकडं दिला होता. दीड वर्ष तिनं तसाच वापरला, गिऱ्हाइकं हसायची. दिवाळी झाल्यावर खालिदनंच कंटाळून नवा करून आणला. नव्यावर शुक्रवार बरोबर होता.

तिनं फोनमधली चौकशीतल्या फोटोची मागची बाजू काढली. शुक्रवार. बरोबर लिहिलेला.

खंडेनवमीला काढून ऑक्टोबरात कंपनीला दिलेल्या फोटोवर, दिवाळीनंतरचा शिक्का.

"सोनम," ती सावकाश म्हणाली, "तो फोटो दिवाळीनंतर छापलाय."

"मग झालं की!"

"नाही झालं. ते म्हणतील, दुसरी प्रत काढून घेतली. जाळी खोटी आहे हे त्यानं ठरत नाही." तिनं पुढची बाजू पडद्यावर मोठी केली. अमृतनं जाळी कुठून आणली असेल? अपघातानंतर नवी बसवली होती, तिचाच फोटो काढून या फोटोवर चढवला असणार. आता फोनवर बोट फिरवलं की पोरंही करतात असलं. कुठं शिवण दिसत नव्हती. जाळीच्या छिद्रांमागं रोलर दिसत होता, रोलरवरचा हारसुद्धा.

बजाबाई वाकून बघायला लागली. "ही फुलं हितलीच. माझ्या बांधावरची. मीच धाडली व्हती पिशवी भरून."

"व्हय ताई," सोनम म्हणाली. "मीच बांधला तो हार. सकाळी पूजेच्या टायमाला. रोलरला तीन येढं दिलं. म्हणलं, तू बी दमतूस माझ्यासंगं."

फिरदोसनं तिच्याकडं पाहिलं. मग फोनकडं. मग पुन्हा तिच्याकडं.

"रोलरला बांधलास? हातानं? तीन वेढे?"

"व्हय की. आसं का बघताय?"

५

खालिद रविवारी दुपारी दुकानात आला. फिरदोस त्याची वाट पाहत बसली होती.

"दिग्विजयकडं जायचंय तुला?"

त्यानं खाली मान घालून होकार दिला. "सांगणार होतो, भाभी. लाज वाटत होती. पण तो फोटो मी बनवला नाही. अल्लाकसम."

"मला माहीत आहे."

त्यानं चमकून वर पाहिलं.

"तू बनवला असतास तर जुना शिक्का मारला असतास. नवा तूच करून आणलास, कुठला फोटो कुठल्या शिक्क्याचा हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? जुना अजून खणात पडलाय. पण छापलास तूच. हो की नाही?"

खालिद भिंतीशी टेकला. फोटो पाहिला त्याच दिवशी त्याला आठवलं होतं, आणि म्हणूनच तो घराबाहेर होता. दिवाळीनंतर एका दुपारी अनोळखी नंबरावरून सात फोटो आले. मशीनचे, शेडचे, कंपनीच्या अल्बमसाठी म्हणून. त्यानं एकामागोमाग छापले, मागं शिक्के मारले, आणि नियमाप्रमाणे पुसून टाकले. हेल्मेट घातलेला एक माणूस मोटारसायकलवरून उतरला, पाकीट घेऊन गेला.

"मी बघितलंच नाही, भाभी. कानाला फोन होता. दिग्विजयचाच." त्याचे डोळे भरून आले. "माझ्या हातानं शिक्का मारला मी त्या बिचारीच्या नावावर."

"शिक्क्यासाठीच आले होते ते," फिरदोस म्हणाली. "फोटो कुठंही छापता आला असता. त्यांना माझं नाव पाहिजे होतं. तीन वर्षं उन्हात उभं राहून कमावलेलं."

"पण तो हेल्मेटवाला कोण, कसं कळणार?"

"तो कोण होता ते सोड. पाठवणारा कोण, ते त्यानं मला चहा पाजत सांगितलंय. मलाच उशिरा ऐकू आलं."

६

गुरुवारी चौकशीची खोली भरली होती. सुट्टी टाकून आलेले पंधरावीस कामगार भिंतीला लागून उभे होते. दिग्विजयही मागं येऊन बसला होता.

"मला बिराजदारांना तीन गोष्टी विचारायच्यात, साहेब," फिरदोस म्हणाली.

हिरेमठांनी परवानगी दिली.

"हा फोटो तुम्हाला शहाजीनं ऑक्टोबरात दिला?"

"हो. लेखी दिलंय मी तसं."

फिरदोसनं टेबलावर पितळी चौकट ठेवली, तिच्या शेजारी आपले दोन्ही शिक्के आणि नवा करून देणाऱ्याची तारखेची पावती. "साहेब, खंडेनवमीच्या फोटोवर हा चुकलेला शिक्का आहे, शुक्रावर. तुमच्या फाइलमधल्या फोटोवर बरोबर आहे, शुक्रवार. तो शिक्का नोव्हेंबरात बनला. ऑक्टोबरात तो जगात नव्हता."

हिरेमठांनी दोन्ही फोटोंवरचे ठसे शेजारी ठेवून पाहिले. अमृत घाईनं म्हणाला, "तारीख माझी चुकली असेल. महिना मागंपुढं होतो."

"होतो. आता दुसरं. माझ्याकडचा फोटो तुम्ही जन्मात हा एकच पाहिलाय, असं मला म्हणालात."

"म्हणालो. खरंच आहे."

"मग मी आल्या आल्या तुम्ही मला काय विचारलंत? 'काय म्हणतेय आमची शुक्रावर पेठ?' या फोटोवर शुक्रावर नाही, साहेब. ती चूक फक्त जुन्या फोटोंवर आहे. तुम्ही जुना फोटो हातात घेतला होता, उलटा करून वाचला होता, हसला होतात. सोनमच्या घरातनं गेला तो."

"दुसऱ्या कुणा कामगाराचा पाहिला असेल!" अमृतचा आवाज पहिल्यांदाच चढला. "आणि समजा पाहिला. जाळी खोटी कशावरून? फोटोत दिसतेय ना!"

"ते तिसरं." फिरदोसनं फाइलमधला फोटो उचलून हिरेमठांपुढं धरला. "हार बघा, साहेब. ताजा झेंडू. जाळीच्या पुढं आहे की मागं?"

हिरेमठांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "मागं. रोलरला गुंडाळलेला आहे. तीन वेढे."

"आठ बोल्टांची जाळी. पाडव्यापासून एकदाही न उघडलेली. करंगळी न जाणारी. यांचेच शब्द, तुमच्याच कागदावर आहेत. मग खंडेनवमीच्या सकाळचा हार आत गेला कसा?"

हिरेमठांनी फोटो हातात घेऊन पुन्हा पाहिला.

"पूजेपुरती उघडली असेल," अमृत पुटपुटला.

"मग वहीत नोंद का नाही? वही खोटी, की फोटो? तुम्ही सांगाल ते धरू." फिरदोस आता थांबली नाही. "तुम्ही जाळी चढवलीत. हार तेवढा पुसायचा राहिला. कारण त्या मशीनला कुणी हात लावतं, तिच्याशी बोलतं, तिला फुलं वाहतं, हे तुमच्या ध्यानातच आलं नाही. हात गेला त्या बाईचा. वर तिला रीलवाली ठरवलंत. फळं घेऊन तिच्या घरात शिरलात, आणि तिच्या देवाशेजारचा फोटो चोरलात!"

"साहेब, या बाईंना आवरा..."

"साकु," भिंतीकडून आवाज आला. निंगप्पा पुढं आला होता. "पुरं. मी सांगतो, साहेब. जाळी श्रावणात काढली. मीच काढली. दर पाळीला रोलर पुसायला जाळी उघडायची म्हंजे अर्धा तास मशीन बंद. बिराजदार साहेब बोलले, काढून ठेव. शेडच्या मागं ठेवली. हात गेल्यावर त्याच राती रंगवून परत बसवायला लावली मला, आन् फोटो काढून धाड बोलले. मी धाडला. तीच जाळी ही."

"निंगप्पा, नोकरी..." अमृत म्हणाला.

"त्या पोरीचं वय माझ्या थोरलीएवढं हाय." निंगप्पानं खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला. "धाडलेला फोटो अजून यात हाय, साहेब. कुणाला धाडला, कवा धाडला, समदं."

हिरेमठांनी फोन हातात घेतला. पाठवल्याची तारीख आणि नंबर त्यांनी स्वतः लिहून घेतला. मग त्यांनी अमृतला बसून राहायला सांगितलं, आणि लेखनिकाला नवा कागद घ्यायला लावला.

सोनम उठली. चौकशीत पहिल्यापासून ती फारसं बोलली नव्हती. अमृतपुढं येऊन उभी राहिली. पदराखालचा हात तिनं बाहेर काढला.

"तुमी आणलेली सफरचंदं म्या पोरास्नी खाऊ घातली," ती म्हणाली. "देवमाणूस हाय म्हणलं. तुमास्नी कायच कसं वाटलं न्हाय, ओ?"



७

पंधरा दिवसांनी निकाल आला. अपघाताला कंपनी जबाबदार, सोनमचा दोष नाही. खोट्या पुराव्याबद्दल पोलिसात तक्रार झाली, अमृतला कामावरून दूर केलं. कंपनीच्या वकिलानं लगेच सांगितलं, आम्ही वर दाद मागू. मालक तर एकदाही चौकशीला फिरकला नव्हता. निकालाच्या दिवशीही तो कुठं होता, कुणाला माहीत नाही. निंगप्पाला दुसऱ्या शेडमध्ये बदललं, पण काढून टाकायचं धाडस कुणाला झालं नाही.

शहाजी पेढे घेऊन दुकानात आला. फिरदोसनं एक घेतला, पण तिच्या तोंडात तो गोड लागेना.

"हात काही येत नाही ना परत," ती म्हणाली.

खालिद दिग्विजयकडं गेला नव्हता. त्या रविवारी तो आणि ती फाटकाशी गेले. चिंचेखाली टेबल मांडलं. दहा वाजेपर्यंत कुणी आलं नाही. फिरदोसला वाटलं, दिग्विजय म्हणाला तेच खरं, संपलं आपलं. मग पलीकडच्या सूतगिरणीतली एक बाई आली. तिनं इकडंतिकडं बघून ओढणीखालून फोन काढला.

"फोटो छापून द्याल का, ताई?"

पडद्यावर माणूस नव्हता. एक पट्टा होता, उघडा, कुठलंच झाकण नसलेला. शेजारी मशीनचा नंबर.

"तारीख बी येती का त्याच्यावर?" बाईनं विचारलं. "आन् शिक्का मारा. तुमचा."

तिच्यामागं एक माणूस उभा राहिला. त्याच्या फोनमध्ये रसायनाच्या टाकीची तुटकी शिडी होती. मग कापड रंगवायच्या डाय-हाऊसमधले तिघं आले. बॉयलरच्या शेडमधला एक आला. आत फोन न्यायला बंदी होती, तरी प्रत्येकानं कसा ना कसा आणला होता. बारा वाजेपर्यंत रांग रस्त्यापर्यंत गेली. एरवी रांगेत थट्टामस्करी चालायची. आज जो तो फोन मुठीत धरून उभा होता.

"भाभी, छापून झाले की पुसायचे?" खालिदनं विचारलं.

फिरदोसनं रांगेकडं पाहिलं.

"हे नाही पुसायचे," ती म्हणाली. "एकेक प्रत आपल्याकडं ठेव. ज्याचा फोटो त्याला विचारून ठेव."

पहिल्या बाईनं मान हलवली. दुसऱ्यानंही हलवली. फिरदोसनं नवा कागद घातला आणि यंत्र सुरू केलं.